फळा कुणी पुसायचा

फळा घरात आला त्या दिवशी दादांचा आरसा आणि खुंटीवरचा कोट यांना जागा सोडावी लागली. बैठकीच्या खोलीत सरळ अशी तेवढी एकच भिंत होती. आईनं तिच्यावरून हात फिरवून पाहिला, दादांना खिळे जरा वर ठोकायला लावले आणि पदर खोचत म्हणाली, "झालं. आता ही खोली सरकारची." दादा, म्हणजे माझे वडील, प्रौढ शिक्षणाच्या सरकारी कार्यालयात अधिकारी होते. हर्सूलला बायकांचा वर्ग मंजूर झालाय, पण शिकवायला कुणी मिळत नाही, हे त्यांनी जेवताना इतक्यांदा सांगितलं होतं, की एके दिवशी आईनं भाकरी थापता थापताच "मी शिकवते" असं म्हणून टाकलं. ती सातवीपर्यंत शिकलेली होती. पुरुष मास्तरापुढे हर्सूलच्या बायका बसल्या नसत्या, आणि तेवढं शिकलेली दुसरी बाई आसपास नव्हती.

अनय, मीरा, माझ्या नातवंडांनो, मागच्या खेपेला तुम्ही गाडीतून जे हर्सूल पाहिलंत, ती दुकानं, ते फ्लॅट, त्या रिक्षा, ते सगळं क्षणभर बाजूला ठेवा. तेव्हा एका अंगाला तळं होतं, दुसऱ्या अंगाला जेलची उंच भिंत, आणि मधल्या मळ्यांत थोडी घरं. जेलमध्ये तासातासाला टोल पडायचा. आमच्या घरात घड्याळ होतं, पण आईचा विश्वास टोलावर. दुपारचा टोल पडला की ती चुलीवरची येसराची आमटी उतरवून झाकून ठेवायची, माझ्यासाठी धपाटे आणि दही फळीवर ठेवायची, ओल्या फडक्यानं फळा वरून खाली, नेहमी वरून खाली, पुसायची आणि दार सताड उघडायची. मी छावणीतल्या इंग्रजी शाळेतून बसनं परत यायची तेव्हा दारात चपलांचा ढीग असायचा आणि आतून बायकांचा एका सुरातला आवाज यायचा. मोजे काढत मी उंबऱ्यात उभी राहिले की गयाबाई हटकून म्हणायची, "आली बघा मेमसाब. सरका गं, सायबीण येऊ द्या."

आमचं घर धर्मांतर करून बौद्ध झालेल्यांचं. भिंतीवरचा फोटो बघून सुरुवातीला दोघीचौघी उंबऱ्यातूनच परत फिरल्या होत्या. ज्या आत आल्या त्या आपापलं पाणी तांब्यात घेऊन आल्या. आई त्यावर एक शब्द बोलली नाही. "तहान त्यांची, तांब्या त्यांचा," एवढंच तिनं मला सांगितलं. पुढे कधीतरी तांबे येणं बंद झालं. वाळकं, शेंगा, ओच्यात बांधलेली चिंच असं काहीबाही येऊ लागलं, आणि आमच्या माठातलं पाणी दुपारीच संपू लागलं. हे कुठल्या दिवशी झालं ते कुणाच्याच लक्षात आलं नाही.

गयाबाई ही मळेवाल्या मोठ्या घरची थोरली सून. उंच, हाडापेरानं मजबूत, जिभेला धार. तिच्या सासऱ्यांना सगळं गाव आबा म्हणायचं. सुनेनं आमच्या घरी येऊन बसावं हे आबांना पसंत नव्हतं, पण दुपारी मळ्यातलं काम उरकून ती निघायची, त्यामुळं अडवायला कारण सापडत नव्हतं. अक्षरं तिच्या हाताखाली पटापट येत गेली. एखादं जोडाक्षर अडलं की ती फळ्याकडे असं रोखून बघायची, जसं काही ते तिचं काही देणं लागतं. दुसऱ्या बायका शिकत होत्या. गयाबाई वसुली करत होती.

आणि मग तपासणीचा हुकूम आला.

कुणीतरी वर तक्रार केली होती की अधिकाऱ्याची बायको घरात बायका जमवून गप्पा मारते आणि त्याला वर्ग म्हणते. सरकारचंही तेव्हा ठरलं होतं की बाहेरचा तपासणीस पाठवून प्रत्येक वर्ग पाहायचा. पूर्वी न पाहिलेला मजकूर बायकांना मोठ्यानं वाचता आला तर वर्ग पुढे चालू, नाहीतर बंद. फळा, कंदील, पुस्तकं सगळं परत. आबांना हे कळलं तेव्हा त्यांनी भर गल्लीत दादांना थांबवून सांगितलं, "सायेब पास म्हनला तर येईल ती. नाय म्हनला तर मात्र संपलं. मग मला कुनी काय सांगायचं नाय."

दादांच्या हातात काही नव्हतं, आणि जे होतं तेही त्यांनी काढून टाकलं. वर्ग आपल्या घरचा आहे म्हणून ते दुप्पट कडक झाले. नियमाप्रमाणे वाचायचा मजकूर तालुक्याच्या अधिकाऱ्यानं, म्हणजे त्यांनीच, लिहायचा होता आणि शिकवणाऱ्या बाईनं तो आधी पाहायचा नव्हता. ते संध्याकाळी आमच्याकडे पाठ करून लिहीत बसायचे, मधेच उठून मळ्यांकडे फिरून यायचे, लोकांना काहीबाही विचारायचे आणि परत येऊन गालातल्या गालात हसत लिहायचे. छापील पुस्तकावर त्यांचा राग होता. "जहाज, म्हणे! हर्सूलच्या बाईनं जहाज कशाला वाचायचं? तिला तिचं गाव वाचू दे." आई फक्त एकदाच म्हणाली, "सोपं लिहा हो." दादा म्हणाले, "सोपं नाही, गोड लिहिलंय. पण तू विचारायचं नाहीस." त्या आठवड्यात आमच्या घरात भाकऱ्या करपत होत्या. आई जेवताना स्वतःशीच कुणाकुणाची नावं घ्यायची, ही जोडाक्षरात अडते, हिला रफार जमत नाही, आणि घास तसाच हातात राहायचा. दादांचं एक वाक्य होतं, ते त्या दिवसांत ते फार बोलायचे: "शिकायचं वय सरत नाही, सरकारची हौस सरते." आई म्हणायची, "मग ती सरायच्या आत माझ्या बायका वाचू देत."

तपासणीस जीपमधून आले. बारीक, चष्मा लावलेला, तरुण माणूस, बोलायला सभ्य. मला उगाचच वाटत होतं की कुणीतरी मिशाळ आणि ओरडणारा येईल. नियमाप्रमाणे आई स्वयंपाकघरात गेली, दादा मागच्या अंगणात. मला पाणी द्यायला मधल्या दारात उभं राहायची परवानगी होती. बायका धुतलेली लुगडी नेसून, पदर घट्ट घेऊन भिंतीला टेकून बसल्या होत्या. एरवी घुमणारी खोली इतकी गप्प, की जेलचा टोल आमच्याच घरात पडल्यासारखा वाटला. आणि समोर, उघड्या दारातून दिसणाऱ्या लिंबाखाली, काठीवर दोन्ही हात ठेवून आबा उभे होते. ते आमच्या ओट्यावरही कधी चढले नव्हते.

"कोण येतंय आधी?" तपासणीस म्हणाले.

"गया, तू जा. तूच जा गं," असं कुजबुजत बायकांनी गयाबाईला पुढे ढकललं. तिच्या नावाचं कार्ड तिला मिळालं. प्रत्येकीला वेगळं कार्ड होतं. तिनं ते दोन्ही हातांत धरलं आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली.

"हर्सूलच्या... तळ्याजवळ..."

आणि थांबली.

मी वाट पाहिली. तपासणिसांनी वाट पाहिली. गयाबाईचे डोळे कार्डावर होते, ओठ घट्ट. "पुढं वाचा," ते म्हणाले. ती गप्प. "अक्षर ओळखता येत नाही का?" ती गप्प. गयाबाई विसरली! गयाबाईच विसरली तर बाकीच्यांचं काय! मी दारातून मान लांब केली आणि कार्ड वाचलं. सोपं होतं. हर्सूलच्या तळ्याजवळ कडुबाचं शेत आहे. कडुबा पहाटे उठतो. कडुबाच्या मळ्यात यंदा वांगी चांगली आली.

मी मागे स्वयंपाकघरात गेले. आई चुलीपुढे उकिडवी बसली होती, साहेबांसाठी पोहे परतत होती, पण कान बाहेर. "तळ्याजवळच्या पुढं काय आहे?" तिनं हळूच विचारलं.

"नाव आहे. कडुबा."

आईचा हात कढईतच थांबला. "कुणाच्या कार्डावर?"

"गयाबाईच्या. सोपं आहे गं, तीन अक्षरं."

आई उठली ती तशीच मागच्या दाराशी गेली. अंगणात दादा बाजेवर बसले होते, आनंदात. "कसं चाललंय?" ते म्हणाले.

"प्रत्येकीच्या कार्डावर तिच्या मालकाचं नाव घातलंत?"

"अगं, तेच तर! आपल्या घरचं नाव पहिल्यांदा कागदावर वाचताना काय वाटेल त्यांना, विचार कर."

आई बाजेजवळ गेली. मग इतक्या हळू बोलली की मला पुढे सरकून ऐकावं लागलं. "एवढी वर्षं संसार केला. तुमचं नाव मी कधी तोंडातून काढलंय?"

दादा बाजेखालच्या चपला पायानं चाचपू लागले.

मुलांनो, तुमच्या आजोबांना मी पहिल्या दिवसापासून नावानं हाक मारली, मी रागावले की आडनावानंसुद्धा. म्हणून हे तुम्हाला समजावून सांगावं लागतंय. नवऱ्याचं नाव बाईनं उच्चारायचं नाही. उच्चारलं तर त्याचं आयुष्य कमी होतं, असं आईबापांनी सांगितलेलं. लग्नात, हळदीकुंकवात उखाण्यातून घ्यायचं, तेवढीच सूट. एरवी 'हे', 'मालक', 'अमक्याचे बाबा'. दादा बुद्धिमान होते, सुधारक होते, गाव त्यांनी पिंजून काढलं होतं. पण ते पुरुष होते. आई त्यांचं नाव घेत नाही हे त्यांच्या कधी लक्षातच आलं नव्हतं, कारण हाक मारली की ते येतच होते.

"मी जाऊन सांगतो," दादा उठले.

"तुम्ही गेलात तर उद्या म्हणतील, अधिकाऱ्यानं आत जाऊन मजकूर फोडला. बसा." आई माझ्याकडे वळली. "आणि तू दारात उभी राहा, पण एक अक्षर बोलायचं नाहीस. नियम तो नियम." पोहे खाली लागल्याचा वास सुटला होता. तिनं कढई उतरवली नाही.

बाहेरच्या खोलीत एका बाईनं धीर केला होता. "सायेब, तिच्या मालकाचं नाव हाय ते. ती कसं म्हनंल? आन् तिचा सासरा त्यो काय, झाडाखाली हुबा हाय."

तपासणिसांनी चष्मा काढून पुसला. ते वाईट माणूस नव्हते, हे मला तेव्हाही कळत होतं. "मला समजलं, बाई. पण हे तुम्ही मला सांगताय. त्यांनी ते वाचलं, की तुम्ही बाजूनं बघून कुजबुजलात, हे मला कसं कळणार? मजकूर मोठ्यानं वाचायचा असा नियम आहे. नाव प्रत्येक ओळीत आहे. तेवढं सोडून बाकीचं वाचलं, तर मला ते धरता येणार नाही."

"मग दुसरं कार्ड द्या की."

"दुसरं नाही माझ्याकडे." त्यांनी इतर कार्डं चाळली. "आणि हीसुद्धा अशीच आहेत का?"

बायकांनी माना खाली घातल्या. एकीनं डोळ्यांना पदर लावला. बाहेरून आबांचा आवाज आला, "काय झालं? येतंय का नाय तिला?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. काम संपलं, आता चला, असा तो आवाज होता, आणि म्हणून जास्त भीती वाटली.

"गयाबाई," तपासणीस म्हणाले, "मी काय लिहू? वाचता येत नाही, असं लिहू?"

"येतंय," ती म्हणाली.

"मग वाचा."

"येतंय. पर म्हनायचं नाय." ती जागची उठली. फळ्यापाशी गेली, खालच्या पट्टीवरचा खडू उचलला आणि आमच्याकडे पाठ करून लिहायला लागली. खडू कच्चा होता, दोनदा मोडला. ती बाजूला झाली तेव्हा फळ्याच्या मधोमध, शिरोरेघ थोडी वर चढलेली, तीन अक्षरं होती. तिनं पदर सारखा केला. "सायेब, तोंडानं घ्यायचं नाय, असं सांगितलंय मला. लिवायचं नाय, असं कुनीच सांगितलं नाय. आमच्यात कुनाला लिवताच येत नव्हतं, तर सांगनार कोन?"

मग तिनं एका हातात कार्ड धरलं, दुसऱ्या हातात खडू, आणि वाचायला सुरुवात केली. "हर्सूलच्या तळ्याजवळ," आणि खडू फळ्यावर आपटला, ठक, त्या नावावर, "चं शेत आहे." ठक. "पहाटे उठतो." ठक. "च्या मळ्यात यंदा वांगी चांगली आली." खाली मान घालून ती पुटपुटली, "आली कसली, कीड पडली समदी." कुणीतरी फस्सकन हसलं आणि एकदम सगळ्याच जणी हसायला लागल्या, त्या हसण्यात रडणं किती होतं ते मी सांगू शकत नाही. तपासणीस मात्र हसले नाहीत. ते नीट, हळू म्हणाले, "पुढच्या बाई."

त्यानंतर एकेक जण उठत गेली. प्रत्येकीनं फळ्यावर आपल्या माणसाचं नाव लिहिलं आणि ठक ठक करत कार्ड वाचलं. स्वयंपाकघराच्या दारात आई उभी होती, नियमाप्रमाणे उंबऱ्याच्या आत, पायाची बोटं उंबऱ्याला टेकवून. डोळे मिटून ती फक्त ऐकत होती. कुणाचं जोडाक्षर आलं की तिचे ओठ हलायचे. एक दोन जणी अडखळल्या. त्या खरोखरच अडखळल्या आणि तपासणिसांनी तसं लिहून घेतलं. पण बाकीच्यांनी वाचलं. शेवटी ते उठले आणि म्हणाले, "वाचलं, असंच मी लिहितो. वर्ग चालू राहील. ठक चालतं की नाही, हे वरचे ठरवतील; मी त्यांना सविस्तर कळवतो." मागच्या दारातून दादा आत आले.

तेव्हाच आबा आत आले. त्यांनी चपला ओट्याखाली काढल्या, काठी दाराला टेकवली आणि आमच्या बैठकीच्या खोलीत, आमच्या भिंतीवरच्या फोटोखालून, फळ्यापाशी जाऊन उभे राहिले. बायका उठून एका बाजूला झाल्या. गयाबाईनं पदर इतका ओढला की तोंड दिसेना.

"ह्याच्यात आमचं कोन्तं?" त्यांनी विचारलं.

गयाबाईला बोलता येत नव्हतं, दुसऱ्या बायकांची हिंमत नव्हती. शेवटी मीच पुढे झाले आणि बोट दाखवलं. "हे, आबा. कडुबा."

ते वाकून बघू लागले. मुलाचं नाव त्यांनीच ठेवलं असणार. गावभर, मळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, किती मोठ्यानं हाका मारल्या असतील त्यांनी. "एवढूसंच असतंय व्हय?" ते म्हणाले. मग काठी घेऊन निघाले. दादांनी चहाचं विचारलं, तो मात्र त्यांनी घेतला नाही. उंबऱ्यापाशी थांबून, मागे न बघता, सुनेला म्हणाले, "उद्यापासनं जरा लौकर निघत जा. मळ्यातलं बघंल दुसरं कुनी."

परवा आमच्या घराजवळच्या शाळेत निरक्षरांची परीक्षा होती. शहराची पाटी बदलली, योजनेचं नाव तर किती वेळा बदललं, पण बाकावर बसलेल्या बायका त्याच वाटल्या मला. एका सुनेनं सासूला आणलं होतं आणि खिडकीतून ती खुणा करत होती. शिक्षकांनी तिला हाकललं तेव्हा मला आईची उंबऱ्याला टेकलेली बोटं आठवली. नियम असायला हवेत. पण ते करणाऱ्यानं एकदा ज्यांच्यासाठी करतोय त्यांच्या घरी दुपारी जाऊन बसावं, एवढंच मला इतक्या वर्षांत कळलंय. दादांनी पुढे आपल्या कार्डांवर एकही नाव घातलं नाही. आणि कधी मजकूर लिहायला बसले की आधी आईला हाक मारायचे.

त्या दिवसाचं मात्र एवढ्यावर संपलं नाही. साहेब करपलेले पोहे खाऊन गेले. बायका चपला शोधत होत्या, मोठमोठ्यानं बोलत होत्या. आईनं सवयीनं ओलं फडकं घेतलं आणि फळ्याच्या वरच्या कडेला लावलं. गयाबाईनं तिचं मनगट धरलं.

"बाई, काय करता?"

"फळा पुसते. का गं?"

गयाबाईनं नुसती फळ्याकडे मान केली. आईनं फळ्याकडे पाहिलं. एका खाली एक, वाकडी, तिरकी, एवढ्या सगळ्या बायकांच्या कुंकवाची नावं. तिनं फडकं हळूच खाली घेतलं. "तुमचं बरोबर आहे," ती म्हणाली.

दादांनी पुसायची तयारी दाखवली, तर बायका त्यांच्या अंगावरच धावून गेल्या. मी पुसते म्हटलं, तर आईनंच डोळे वटारले. दुसऱ्या दिवशी नवा धडा लिहायला जागा नव्हती. आईनं जमिनीवर, शेणानं सारवलेल्या भुईवर, खडूनं अक्षरं काढून शिकवलं. तिसऱ्या दिवशीही तसंच. मग दादांनी वरच्या कार्यालयाला लिहून दुसरा फळा मागितला. काही दिवसांनी त्याचं उत्तर आलं. वर्गास एकच फळा मंजूर आहे. पहिला फळा मोडला, हरवला की अन्य कारणानं निकामी झाला, याचा खुलासा करावा.

दादा तो कागद समोर ठेवून लिहायला बसले. काय लिहावं ते त्यांना सुचेना. एवढी टिपणं, एवढे खुलासे त्यांनी आयुष्यभर लिहिले होते. शेवटी स्वयंपाकघराकडे तोंड करून त्यांनी विचारलं, "काय कळवू गं यांना?"

आई भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही.

"लिहा," ती म्हणाली, "फळा भरला आहे."